एकच गोळी

अंबरनाथ,
२० मे १९५६

प्रिय इंदू,

खुशाली नंतर, आधी बातमी. मला नोकरी लागली आहे. घेतलेली नाही अजून, पण लागली आहे. भायखळ्याला सरकारी रासायनिक कचेरी आहे, तिथे ज्युनिअर असिस्टंट. कुठे संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस त्या माणसाच्या पोटातलं जे काय असेल ते बरणीत घालून, वर लाखेची मोहोर करून तिथे पाठवतात, आणि त्यात विष होतं की नव्हतं हे तिथली माणसं सांगतात. बी.एस्सी.ला इतकी वर्षं नळ्या धुतल्या त्या ह्याचसाठी, असं जाहिरात वाचल्यापासून मला वाटतंय.

अण्णांना तसं वाटत नाही. स्वतः ऑर्डनन्स फॅक्टरीत तोफगोळ्यांचा हिशेब ठेवतात, पण मी बरणीचं नाव काढलं आणि पानावरून उठले. "मुडद्यांच्या आतड्यांत हात घालणारी मुलगी कोण पत्करणार?" म्हणाले. त्यांच्या मते मी शाळेत शिकवावं. आईने माझ्याशी अबोला धरलाय, त्यामुळे घरात बरीच शांतता आहे.

बदलापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हा तू माझी वही पुसून चूक दुरुस्त करायचीस. म्हणून तुलाच विचारते. तू जांभूळला सासरी आणि मी इथे फॅक्टरीच्या क्वार्टरात, मध्ये काय ते बदलापूर. पण तू पडलीस सून आणि मी बिनलग्नाची, म्हणजे दोघींना टपालाचाच आधार. लौकर लिही. पंधरा दिवसांत होय-नाही कळवायचं आहे.

तुझी
वृंदा

जांभूळ,
२७ मे १९५६

प्रिय वृंदा,

घे ती नोकरी. एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते, पण उरलेला कागद घरात ठेवला तर सासूबाई त्याने चूल पेटवतील.

माझे वडील उल्हास नदीत सापडले तेव्हा आपण पाचवीत होतो. त्यांच्या डोक्याला मागून खोक होती, मी पाहिली होती. पंच जमले, काठावर बसून विड्या ओढल्या आणि प्रेताला हातही न लावता 'पाय घसरून बुडाला' असं लिहिलं. खाली अंगठे उठवले. त्यात माझ्या आईचासुद्धा अंगठा आहे. ते घसरले की त्यांना कुणी मारलं, हे आता देवालाच ठाऊक. तेव्हा हात घालणारं कुणी असतं तर, असं मला अजून वाटतं. अण्णांना म्हणावं, मुलीला पत्करणारे पुष्कळ भेटतील, मेलेल्याला पत्करणारं कुणी नसतं.

इकडे सगळं ठीक. हे सकाळी सायकलवरून दूध घालायला उल्हासनगरच्या कॅम्पात जातात, अर्धं बोलणं आता सिंधीत करतात आणि सासूबाई चिडतात. माझा दिनू चार महिन्यांचा झाला. त्याला माझ्यापेक्षा विठावन्संचाच लळा जास्त. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या त्या हातपाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या, दिनू झाला आणि चालत्याबोलत्या झाल्या. त्यांना मूलबाळ नाही. पोराला खाली ठेवत नाहीत.

पहिल्या दिवसाचं लिही. काही गाळू नकोस.

तुझी
इंदू

अंबरनाथ,
२४ जून १९५६

प्रिय इंदू,

लागले कामाला. संध्याकाळी अण्णा मला पुढच्या दाराने घेत नाहीत. मागे मोरीत आंघोळ, मग घर. माझा तांब्यासुद्धा वेगळा काढलाय.

बरण्या मिठाच्या दाट पाण्यात भरून येतात, आतलं सडू नये म्हणून. पहिल्याच दिवशी मला आईच्या कैऱ्यांच्या लोणच्याची बरणी आठवली आणि तेव्हापासून मी लोणचं खाल्लेलं नाही. शेजारच्या टेबलावर गुरुदत्त म्हणून एक आहेत. ते काम करताना भजन गुणगुणतात. सुरुवातीला राग आला, आता समजतंय.

परवा एका यात्रेकरूचं प्रकरण होतं. कुणी पेढ्यांतून धोतरा दिला आणि लुबाडलं. साहेब म्हणाले, धोतऱ्याने डोळ्यांतली बाहुली हीऽ एवढी मोठी होते, जिवंतपणी कुणी पापणी उचलून पाहिलं असतं तर अर्धं काम तिथेच झालं असतं. पण पाहतं कोण? इंदू, मला ह्या कामाची चटकच लागली आहे. माणूस गेला तरी त्याची साक्ष उरते, नि ती आम्ही काढतो. माणसं खोटं बोलतात, नळी बोलत नाही.

तुझी
वृंदा

जांभूळ,
१८ जुलै १९५६

प्रिय वृंदा,

कागदावर चिखल दिसला तर नाक मुरडू नकोस. लावणी जोरात आहे आणि माझी कंबर मोडली आहे. दिवस उजाडला की वावरात, दुपारी पोराला पाजायला घरी, की परत वावरात.

पण दिनू इतका शहाणा झालाय म्हणून सांगू. आधी रडून घर डोक्यावर घ्यायचा, आता दिवसभर झोपतो. पाजताना जागं करावं लागतं. सासूबाई म्हणतात, शेतकऱ्याचं पोर आहे, लावणीचे दिवस त्याला कळतात. तुझ्या पत्रातलं धोतऱ्याचं मी सगळ्यांना वाचून दाखवलं. विठावन्संनी लगेच परसातली धोतऱ्याची झुडपं उपटून टाकली, म्हणाल्या, पोर रांगायला लागल्यावर काय घ्या.

तुझी
इंदू

जांभूळ,
६ ऑगस्ट १९५६

वृंदा,

दिनू गेला.

गेल्या शुक्रवारी शेवटच्या वावरात होतो. दुपार कलल्यावर विठावन्सं त्याला छातीशी धरून बांधावरून धावत आल्या. अंग गार, ओठ निळे. श्वास घ्यायचा आणि मग विसरायचा, असं. हाका मारल्या, हलवला, उठेना. तू लिहिलं होतंस म्हणून मी त्याची पापणी उचलून पाहिली. बाहुली मोठी नव्हती. उलट टाचणीच्या टोकाएवढी होती. म्हणजे विष नव्हतं ना गं? सासूबाई म्हणतात दृष्ट लागली.

बैल जोडून बदलापूरला डॉक्टरांकडे निघालो. वाटेत गाडीतच, वन्संच्या मांडीवर गेला.

दात आले नव्हते म्हणून जाळला नाही. ओढ्याकाठी पुरला. आमच्यात लहान मुलाच्या खड्ड्यात मीठ घालतात. सासूबाईंनी घरातलं होतं नव्हतं ते सगळं मीठ नेऊन घातलं.

दूध अजून येतं. चोळी भिजते. काय करू सांग.

इंदू

अंबरनाथ,
८ ऑगस्ट १९५६

प्रिय इंदू,

तुझं पत्र हातात घेऊन किती वेळ बसले होते. तुला काय लिहून धीर देऊ? मला ते जमत नाही. जे मला येतं तेच लिहिते.

बाहुली मोठी होते ती धोतऱ्याने. अफूने नेमकं उलट होतं. टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, निळे ओठ, गार अंग, विसरल्यासारखा श्वास. मी साहेबांना नाव न सांगता विचारलं. पुढचं न ऐकताच त्यांनी अफू सांगितली.

इंदू, दृष्टबिष्ट काही नाही. दिनूला कुणीतरी अफू दिली.

गप्प बसू नकोस. पोलीस पाटलांकडे जा, हे पत्र दाखव. मीठ घातलंत हे फार बरं झालं, अजून सगळं शाबूत असेल. त्या दिवशी पोर कुणाच्या हातात होतं हे आधी विचारायला लाव. तुझ्या वडिलांच्या वेळी झालं तसं होऊ द्यायचं नाही. आता हात घालणारं कुणीतरी आहे.

तुझी
वृंदा

जांभूळ,
२७ ऑगस्ट १९५६

वृंदा,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. ह्यांनी तुझं पत्र हिंदुराव पाटलांना दिलं, त्यांनी फौजदारांना. मामलेदारांचा हुकूम आला आणि दिनूला वर काढला. मी गेले नाही. सासूबाई गेल्या. येऊन म्हणाल्या, "जसा ठेवला होता तसाच हाय गो." तेव्हापासून त्या जेवत नाहीत.

फौजदारांनी घरात एकेकीला विचारलं. विठावन्संनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "रडाय लागला म्हनून मी एकच गोळी दिली, सायब. एकच." बाळगोळी म्हणजे तुला माहीत नसेल. काळी, मोहरीहून थोडी मोठी असते, दुधात उगाळून चाटवायची. पोर झोपतं, बाईला काम करता येतं. त्यात किंचित अफू असते म्हणतात, पण सगळा गाव देतो. एका गोळीने कुणाचं पोर गेलेलं ऐकलं नाही. म्हणजे वन्सं खोटं बोलतात. जास्त दिल्या असणार. स्वतःची कूस उजवली नाही, माझं बघवलं नाही. मी नाही म्हणत, सगळा गाव म्हणतो.

त्यांना कल्याणला नेलं. जाताना दिनूचं टोपरं मागितलं. मी दिलं नाही.

इंदू

अंबरनाथ,
१६ सप्टेंबर १९५६

प्रिय इंदू,

बरणी आली. चिठ्ठीवर गावाचं नाव पाहिलं आणि मी साहेबांना जाऊन सांगितलं की हे माझ्या ओळखीतलं आहे. त्यांनी ते काम गुरुदत्तांना दिलं. मी दाराशी उभी होते. त्या दिवशी ते गुणगुणले नाहीत. नळीत रंग आला. अफूच होती, आणि एका गोळीने जेवढी पोटात जावी म्हणतात त्याहून पुष्कळ जास्त. तसा अहवाल कल्याणला गेला.

मला वाटलं होतं, त्या क्षणी मला बरं वाटेल. नाही वाटलं. घरी येऊन तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. धोतऱ्याची झुडपं उपटणारी बाई विष घालेल का, हे एक. पण ते सोड, ती माझी विद्या नव्हे. माझं बोट दुसऱ्या दोन जागी अडलं. तू ऑगस्टात लिहिलंस, सगळा गाव देतो. आणि जुलैत लिहिलं होतंस, दिनू शहाणा झालाय, दिवसभर झोपतो, पाजताना जागं करावं लागतं.

रागाव, पण उत्तर दे. त्या दिवशी सकाळी वावरात जाण्याआधी तू त्याला काय दिलंस?

वृंदा

अंबरनाथ,
२० ऑक्टोबर १९५६

इंदू,

तुझं उत्तर नाही. तेच उत्तर समजते.

विठाबाईंवर खुनाचा आरोप ठेवलाय. एकोणीस नोव्हेंबरला कल्याणला मॅजिस्ट्रेटसमोर सुनावणी आहे, तिथून प्रकरण ठाण्याच्या सेशन्स कोर्टात गेलं की पुढे फाशीसुद्धा होऊ शकते. त्या एकच म्हणतात, आमचा अहवाल जास्त म्हणतो. कोर्ट अहवालावर विश्वास ठेवणार, कारण नळी खोटं बोलत नाही. हे वाक्य मीच तुला ऐटीत लिहिलं होतं. नळीत अफू दिसते, हात दिसत नाही. मी मात्र दिनू गेल्यानंतरच्या पहिल्याच पत्रात हात शोधायला निघाले, नि जो सगळ्यात जवळ होता तो धरून दिला.

अण्णांना कुठूनसं कळलं. म्हणतात, "मैत्रिणीच्या घराची राखरांगोळी केलीस, आता तरी सोड." मी राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय. पण तो देण्याआधी हे निस्तरायला हवं. तू बोलणार नसलीस तर मी तुझी दोन्ही पत्रं घेऊन कल्याणला जाईन. तू मला जन्मभर तोंड दाखवू नकोस, चालेल.

वृंदा

जांभूळ,
२५ नोव्हेंबर १९५६

वृंदा,

तू कोर्टात आली होतीस, पाहिलं मी. पिशवी उराशी धरून मागच्या बाकावर बसली होतीस. पिशवी उघडायची वेळ मी तुझ्यावर आणली नाही, एवढं तरी माझ्या नावावर लिही.

तुझं पत्र आलं तेव्हा ते मी चुलीत घातलं. मग चिमट्याने काढलं. मी काय करत होते सांगू? एका गोळीने काही होत नाही, मग माझी ती नव्हेच, असं रोज भात कांडताना स्वतःशी म्हणत होते. माझी नाही म्हणजे त्यांची. त्यांची ठरली की माझी राहत नव्हती. टोपरं दिलं नाही ते त्यामुळेच.

वन्सं पिंजऱ्यात उभ्या होत्या, केस पिकलेत त्यांचे. मॅजिस्ट्रेटने मला विचारलं, आणि मी म्हटलं, "साहेब, सकाळी वावरात जाताना मी पण एक दिली होती. कुणाला सांगितलं नव्हतं." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विसरले. आणि तेवढ्यात मागून सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिपाई बसा म्हणाला, त्या बसल्या नाहीत. "सायब, मी पन एक दिली. ही गेली आन पोर कुरकुरलं. मना वाटला, आज कुनीच दिली नाय." ते तू ऐकलंसच. पण तुला मागून त्यांचा चेहरा दिसला नसेल.

आम्ही कधीच एकमेकींना विचारलं नाही. सासूबाई म्हणायच्या, गोळी दिलेली बोलून दाखवली की पोराला बाधते. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं. डबी फडताळात, ज्या बाईच्या हातात पोर ती गुपचूप देणार. बाकीच्या दिवशी दोघींच्या झाल्या असतील, पोर जास्त झोपलं असेल, मी त्याला शहाणा म्हटलं.

वन्संना सोडलं. अफू बाळगल्याचं वेगळं प्रकरण आम्हा तिघींवर होईल म्हणतात, होऊ दे. घरी येऊन त्यांनी आधी फडताळ उघडलं. पोलिसांनी एक डबी नेली होती, मागे सासूबाईंनी दुसरी लपवली होती. ती ह्या पाकिटाबरोबर ह्यांच्या हाती पाठवते आहे. एका फिरत्या औषधवाल्याकडून घेतलेली, त्याच्याचकडून सगळा गाव घेतो. ह्यातली एकेक गोळी तपास. तिघींच्या तीन मिळून जीव जातो का, ते नीट लिही. मी ते पाणवठ्यावर वाचून दाखवणार आहे.

आणि राजीनामा देऊ नकोस. तू सोडलीस तर ती जागा रिकामी राहील, किंवा काठावर बसून विड्या ओढणारा कुणी येईल.

इंदू

अंबरनाथ,
२० डिसेंबर १९५६

प्रिय इंदू,

डबी आधी साहेबांपुढे ठेवली, सगळं सांगितलं. त्यांनी डबी उघडून पाहिली. मग म्हणाले, "तूच तपास."

तपासल्या. इंदू, त्या डबीतल्या कुठल्याही दोन गोळ्या सारख्या नाहीत. हाताने वळलेल्या आहेत, अफू नीट कालवलेली नाही. काहींत जवळजवळ नाहीच. काहींत बऱ्यापैकी. आणि एकीत इतकी की चार-सहा महिन्यांच्या मुलाला ती एकटी पुरली असती.

म्हणजे तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तिघींच्या तीन मिळून दिनू गेला, की तिघींपैकी एकीच्या बोटाला अशी एखादी लागली आणि बाकीच्या दोन नुसत्याच होत्या, हे आता कळायची सोय नाही. एकच गोळी दिली म्हणणाऱ्या विठाबाई खऱ्या होत्या. एका गोळीने काही होत नाही हे तुझं म्हणणं मात्र खरं नव्हतं. पाणवठ्यावर हे वाच. एकसुद्धा द्यायची नाही, आणि ज्यांनी दिली असेल त्यांनी ती मोठ्याने बोलून दाखवायची. साहेबांनी त्या औषधवाल्याबद्दल पोलिसांना कळवलं आहे.

राजीनाम्याचा कागद फाडलेला नाही, ट्रंकेत तळाशी ठेवलाय. मनात ताठा यायला लागला की काढून वाचीन. अण्णांना सांगितलं, मी कामावर जातच राहणार. आज माझा तांब्या आत, सगळ्यांच्या तांब्यांत ठेवलेला दिसला.

तुला हवं होतं ते मी देऊ शकले नाही, ह्याचं फार वाईट वाटतं.

तुझी
वृंदा

जांभूळ,
२ जानेवारी १९५७

प्रिय वृंदा,

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही तिघी ओटीवर वाल सोलत होतो. मोठ्याने वाचलं. 'एकटी पुरली असती' इथे मी थांबले, तेव्हा विठावन्सं म्हणाल्या, "ती माझीच होती. माझ्या मांडीवर गेला तो."

सासूबाईंनी सूप आपटलं. म्हणाल्या, "डबी कुनी आनली? मी आनली. तुला काय करायचंय, माझीच होती ती."

मी म्हटलं, त्याची आई मी, सगळ्यात आधी मी दिली, माझीच असणार. त्यावर वन्सं माझ्यावर इतक्या ओरडल्या, तितक्या त्या फौजदारावरसुद्धा ओरडल्या नव्हत्या. हे गोठ्यातून धावत आले. संध्याकाळी कुणीच जेवलं नाही.

तेव्हापासून असंच चालू आहे. ऑगस्टात तिघीही मनाशी 'माझ्या गोळीने नव्हे' म्हणत होतो, आता तिघीही आपलीच म्हणतो, आणि कुणी कुणाला सोडवायला तयार नाही. तुझ्या नळीने एकीचं नाव सांगितलं असतं तर बाकीच्या दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण मग ती एक ह्या घरात राहिली नसती, हेही खरं.

टोपरं मी वन्संना दिलं. पाणवठ्यावर तुझं पत्र तीनदा वाचून झालं. पहिल्या दिवशी बाया उठून गेल्या. काल पाटलांच्या सुनेने घरून डबी आणून माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात आणखी येतील, त्या एकत्र बांधून तुझ्याकडे पाठवते. जमलं तर रविवारी तूच येऊन घेऊन जा. लावणी नाही, झोडणीही आटपली, तिघीही घरीच असतो.

तुझी
इंदू